घराला लावलेलं वळण

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. दर रविवारी फोनवर बोलतो आपण, मग हिला पत्राची काय हौस आली असं वाटलं असेल. फोनवर मला काही गोष्टी नीट सांगता येत नाहीत. तू मध्येच "आई, ते जाऊ दे" म्हणतेस आणि मी खरंच जाऊ देते. कागद मध्ये बोलत नाही. तेव्हा हातातलं काम उरकून, एकटी बसून वाच. आणि क्रमाने वाच. शेवटचं पान आधी उघडायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, गोष्टीची किती पुस्तकं तू स्वतःच्या हाताने नासवलीस.

आधी इथली खबरबात. समोरच्या शिंपीणबाईंनी दुकानाला लोखंडी शटर बसवलंय. ते ओढताना इतका आवाज होतो की गल्लीतली कुत्रीसुद्धा आता त्याला कंटाळून भुंकायची थांबलीत. मी छापखान्यातून अजून थोडी प्रुफं तपासायला घरी आणते. डोळे शाबूत आहेत तोवर हात रिकामा ठेवू नये. तुझे काका मात्र हल्ली येत नाहीत. का येत नाहीत, ते पुढे येईल.

जिन्याखालच्या कपाटातलं बाबांचं यंत्र चालू आहे. तुला त्याचं नाव काढलेलं आवडत नाही, पण आजचं पत्र त्याच्याबद्दलच आहे. तू शाळेत होतीस तेव्हा बाबांनी तो कॉम्प्युटर घेतला. कीबोर्डातच सगळा संसार, टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवरून भरायचा. कॅसेट सुरू झाली की कुणी सुरीने पत्रा खरवडतंय असा आवाज यायचा, मी कानात बोटं घालून स्वयंपाकघरात पळायचे, आणि तुम्ही दोघं बापलेक गाणं ऐकावं तसे माना डोलवत बसायचात. पुढे तू शिकायला गेलीस, नवे कॉम्प्युटर आले, लोकांनी असले डबे भंगारात घातले. बाबांनी घातला नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधली जुनी यंत्रणा मोडीत निघाली तेव्हा त्यांनी तिथून रिलेंची, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या खटक्यांची, अख्खी पेटी उचलून आणली आणि निवृत्तीनंतर या दोघांचं लग्न लावून दिलं. कॉम्प्युटरने हुकूम सोडायचा, रिलेने टक्‌ करायचं, की घरातला दिवा लागायचा. सकाळी रेडिओ, मग गिझर, मग पाण्याचा पंप. दिवेलागणीला व्हरांडा, मग हॉल. वीज गेली तर तग धरायला गाडीची एक बॅटरी. तीही दमली तर कॅसेट लावून, वेळ टाइप करून पुन्हा सुरुवात. मला ते येत नव्हतं, पण त्यांनी शिकवलं, आणि मी परवचा पाठ करावा तसं केलं. "घराला वळण लावलंय मी," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आणि माझ्याकडे बघून, "आता फक्त एक जण राहिलंय" म्हणायचे.

आणि मग ते झालं. त्यावर आपण दोघी कधीच धड बोललो नाही. तुझं ऑपरेशन होतं, मी तुझ्याकडे आले होते. यांनी फोन उचलला नाही तेव्हा तू घाबरलीस आणि मी म्हटलं, बसले असतील रिले उघडून, जगाचं भान कुठे असतं त्यांना. तरी तू शिंपीणबाईंना फोन केलास. त्या म्हणाल्या, "अहो, आहेत की घरात. सकाळी रेडिओ वाजत होता, व्हरांड्यातला दिवा वेळेवर लागला." आपण निश्चिंत झालो. तू मला खिचडीसुद्धा करू दिली नाहीस, म्हणालीस बस जरा निवांत. आणि इकडे ते स्वयंपाकघरात जमिनीवर पडले होते, आणि घर त्यांच्याभोवती आपलं काम करत होतं. पंखा फिरत होता, बातम्या लागत होत्या, पाणी चढत होतं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या तासाभरातच गेले असतील, लवकर कळून उपयोग नव्हता. मी त्यावर विश्वास ठेवला. तू नाही ठेवलास. शिंपीणबाई तेच वाक्य रडत रडत पुन्हा म्हणाल्या तेव्हा तुझा चेहरा मी बघितला होता.

तू म्हणालीस, ते यंत्र आजच्या आज उचकटून टाक. मी नाही म्हटलं. मला त्या टक्‌टक्‌ची सवय होती. माणूस गेलं तरी त्याची चप्पल दारात असावी, तसं. मग तू रजा काढून राहिलीस, त्यांचे कपडे वाटलेस, हत्यारं पुसून ठेवलीस, जिन्याखालचं कपाटसुद्धा आवरलंस. मला बरं वाटलं होतं. मनात म्हटलं, राग गेला पोरीचा. जाताना म्हणालीस, "आई, चल माझ्याकडे." मी नाही म्हटलं. रिक्षात बसताना परत विचारलंस. तेव्हाही नाहीच म्हटलं.

तू गेल्यावर काही दिवसांनी घर बिघडलं. पहिल्यांदा रेडिओ. भर दुपारी मी प्रुफं बघत बसले होते, आणि आतल्या खोलीत कुणी पुरुष मोठ्याने बोलायला लागला. हातातली पेन्सिल कुठे गेली ते मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. वाटलं, मीच बटण दाबलं असेल. मग एकदा छापखान्याचे मालक आले होते, ते बोलता बोलता हॉलमधला दिवा विझला आणि लगेच लागला. ते हसले, मीही हसले. मग पंखा. थंडीचे दिवस, अंगावर शाल, आणि पंखा आपण होऊन गरगरायला लागला. एकदा व्हरांड्यातला दिवा सकाळी दहाला लागला आणि दिवसभर तसाच जळत राहिला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लक्ष ठेवून बसले तर काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी विसरले, तर रेडिओ. भूतबीत मी मानत नाही, तुला माहीत आहे. पण रिकाम्या घरात आपल्यामागे कुणीतरी हसतंय असं वाटायला लागलं. मी मुद्दाम मोठ्याने खोकून खोलीत शिरायला लागले. स्वतःच्याच घरात, भिंगरे.

तुला सांगितलं तेव्हा तू आधी मी जेवले का ते विचारलंस. मग म्हणालीस, "आई, तू हल्ली विसरतेस का गं?" किती मऊ आवाजात विचारलंस.

पण माझा पहिला संशय माझ्यावर नव्हता. तो भाऊजींवर, तुझ्या काकांवर होता. यांचे दिवस झाल्यापासून ते आठवड्यातून दोनदा यायचे, चहा प्यायचे आणि बशीत बघत म्हणायचे, "वहिनी, एवढं घर एकटीने कशाला सांभाळायचं? एक गिऱ्हाईक आहे बघण्यात." त्यांच्याकडे आपल्या घराची किल्ली होती. मी छापखान्यात गेले की घर मोकळंच. मी हिशोब जुळवला, आणि तो असा छान जुळला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. वायरमनवरही थोडा डोळा होता, कारण तो पंख्याचा रेग्युलेटर बदलायला आला तेव्हा जिन्याखालच्या कपाटात डोकावून "काय भानगड आहे ही?" म्हणाला होता. पण त्याच्या तोंडावर इतकं खरंखुरं आश्चर्य होतं की मी त्याला सोडून दिलं.

मग मी सापळा लावला. हसू नकोस. कपाटापुढच्या फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि प्रुफं पोचवायला गेले. आले तर भाऊजी हॉलमध्ये बसलेले, आणि त्यांच्या बुटांवर पांढरे डाग. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. उभ्या उभ्या म्हटलं, "भाऊजी, मला घाबरवून घर विकायला लावायचं असेल तर तसं तोंडावर सांगा. विधवेच्या घरात चोरासारखे दिवे कशाला विझवता?" ते खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "छत्री ठेवली होती वहिनी तिथे, मागच्या वेळी. ती घ्यायला गेलो." खरंच छत्री होती हातात. मी म्हटलं, छत्रीचं निमित्त बरं सापडलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि गेले. दाराशी थांबून बूट मात्र झटकले, माझी फरशी खराब होऊ नये म्हणून. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्याच दुपारी वीज गेली, बॅटरीही बसली, आणि मी कॅसेट लावून सगळं नव्याने सुरू केलं. त्यानंतर आठवडाभर घर शहाण्या मुलासारखं वागलं. मला काय वाटलं असेल सांग. चोर पकडला गेला, चोरी थांबली. मी तुला फोनवर विजयी सुरात सांगितलं, आणि तू म्हणालीस, "काकांना असं बोलायला नको होतंस." मला राग आला तुझा. मग नववा दिवस उजाडला, किल्ली माझ्या डब्यात, कडी आतून लावलेली, आणि मी भाजी चिरत असताना आतल्या खोलीत रेडिओ सुरू झाला.

भाऊजींवरचा संशय गेला. आता घरात उरलं कोण? मी. ती टक्‌टक्‌, तो रेडिओचा माणूस आणि मी.

तेव्हापासूनचे दिवस मी तुला सांगितलेले नाहीत. मी प्रत्येक गोष्ट दोनदा बघायला लागले. शेगडी बंद केली का, बघून यायचे, आणि परत येईपर्यंत बघितली का ते आठवायचं नाही. छापखान्यात एका पुस्तकाचं प्रुफ तीनदा वाचलं, कारण डोळ्यांवरचाच भरवसा उडाला. मालकांनी विचारलं, "बाई, बरं नाही का?" तू डॉक्टरांची वेळ घेऊन दिलीस, मी गेले. माझ्या नातवाच्या वयाचा डॉक्टर. म्हणाला, "आजी, कागदावर घड्याळाचं चित्र काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." मी काढलं. काढताना मला वाटलं, आता चुकलं तर संपलं. त्याने बघितलं, आणखी चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. मला त्याचं पटलं नाही. म्हटलं, कोवळं पोर आहे, याला काय कळतंय. बघ, मी कुठवर आले होते. चांगली बातमी खोटी वाटायला लागली होती.

त्या आठवड्यात मी ठरवलं की तुझ्याकडे यायचं. तुला सांगितलं नव्हतं, पण ट्रंक खाली काढली होती. आणि तेवढ्यात जावईबापूंचा फोन आला, तू आंघोळीला गेली होतीस. इकडचं तिकडचं बोलून ते म्हणाले, "आई, तुमची खोली रंगवून झाली हं. फिका हिरवा दिलाय, तुम्हाला आवडतो म्हणून." मी म्हटलं, माझी खोली? मी कधी हो म्हटलं? ते गडबडले. म्हणाले, "नाही, ही म्हणाली की आता लवकरच येतीलच." आयुष्यभर प्रुफं वाचली ना मी, भिंगरे. एखादा शब्द जागेवर नसला की बोट आपोआप तिथे थांबतं. 'लवकरच' या शब्दावर माझं बोट थांबलं.

मग मी कपाट उघडलं. कॅसेट बाहेर काढली तर बोटाला काहीतरी चिकट लागलं. तुला आठवत असेल, कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक खिट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. बाबा असली प्रत्येक कॅसेट भरली की पहिल्यांदा खिट्टी मोडायचे. त्या मोडलेल्या भोकावर पारदर्शक चिकटपट्टी होती. पट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हे ज्याने रेडिओवरची गाणी भरून घेतली आहेत त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पट्टी जुनी असती तर पिवळी पडली असती. ही पाण्यासारखी स्वच्छ होती.

सोबतचं जुनं पुस्तक काढलं आणि त्यात बघून एकेक अक्षर दाबत प्रोग्राम टीव्हीवर आणला. भाषा मला येत नव्हती. पण दुसऱ्याची भाषा न येताही तिच्यातलं काय मूळचं आणि काय मागाहून घुसवलेलं ते ओळखणं हाच माझा धंदा. बाबांच्या ओळींचे आकडे दहा, वीस, तीस असे दहाच्या टप्प्याने जायचे. प्रत्येक दोन-चार ओळींमागे ते स्वतःसाठी टिपण ठेवायचे, 'आता पंप', 'आता हॉल'. त्यांच्या मध्ये पाचने संपणाऱ्या काही ओळी होत्या, एकाही टिपणाशिवाय. पुस्तकात शोधत बसले. दोन आठवडे लागले मला. पहिली ओळ म्हणत होती की सुरू झाल्यापासून आठ दिवस काही करू नकोस. पुढच्या म्हणत होत्या की त्यानंतर फासे टाक, आणि दान पडेल तेव्हा रेडिओ लाव, नाहीतर पंखा, नाहीतर हॉलचा किंवा व्हरांड्याचा दिवा. बाबा घराशी कधी फासे खेळले नसते.

मी रागाने पुस्तक मिटून आपटलं. कोण असेल तो मेला, असं मोठ्याने म्हटलंसुद्धा. आणि मग पुन्हा वाचलं, प्रुफ वाचतात तसं, जे आहे त्याच्यासाठी नव्हे, जे नाही त्याच्यासाठी. गिझरला हात लावलेला नव्हता. पंपाला नव्हता. शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा बाबांनी लावून दिला होता तसाच चालत होता. आणि जिन्याचा दिवा. सगळं घर वेड्यासारखं वागत होतं त्या सगळ्या दिवसांत जिन्याचा दिवा एकदाही चुकला नव्हता. शिवाय त्याच्यासाठी एक जास्तीची ओळ होती: बाकी काहीही होवो, अंधार पडायच्या आधी तासभर हा लाव. बाबा इतक्या लवकर लावत नसत. गेल्या वर्षी मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पडले होते, ते आपण दोघी, बाबा आणि जावईबापू यांच्यापलीकडे कुणाला माहीत नाही. भाऊजी असते तर त्यांना काय पडलं होतं माझ्या पायाचं? चोर असता तर त्याला काय? ज्याने हे केलं त्याला मी घाबरलेली हवी होते, पण मला खरचटलेलंही त्याला चालणार नव्हतं. मी टीव्हीपुढे बसून राहिले. राग आला होता तो कुठे ठेवू ते कळेना.

म्हणून हे पत्र, भिंगरे. मला कळलंय. फोनवर बोलले असते तर तू रडली असतीस आणि मी पुढचं काही न बोलता तुला माफ करून टाकलं असतं. ते मला इतक्या लवकर करायचं नाही. मी बाबांसारखी एकटी पडून राहीन आणि दिवे लागत राहतील, या भीतीने तुला झोप येत नाही हे मला समजतं. पण तू मला माझ्याच डोक्याची भीती घातलीस, आणि तुझ्या काकांसारख्या भोळ्या माणसाला मी चोर म्हटलं. त्यांच्याकडे मी उद्या जाते आहे. खरं कारण सांगणार नाही; ते तू येऊन सांगायचंस. ट्रंक परत माळ्यावर ठेवली आहे आणि मी इथेच राहणार आहे. तुझ्या ओळी मी पुसल्या, जिन्याची तेवढी ठेवली. आणि मी स्वतः एक घातली आहे, आयुष्यातली पहिली. रोज सकाळी उठल्यावर मी तिथलं एक बटण दाबायचं. नाही दाबलं, तर त्या दिवशी घराने काहीच करायचं नाही. रेडिओ नाही, दिवा नाही, सगळं गप्प. शिंपीणबाईंना सांगून ठेवलंय, व्हरांडा अंधारात दिसला तर थांबू नका, किल्ली घेऊन सरळ आत या. हे घर यापुढे माझ्यासाठी खोटं बोलणार नाही. फक्त माझी ओळ अधूनमधून अडते आणि मी बटण दाबलेलं असूनही दिवे लागत नाहीत. परवा शिंपीणबाई कात्रीसकट धावत आल्या आणि मी आपली आरामात चहा पीत बसलेली. कुठे चुकतंय ते मला सापडत नाही. तू ये, माझ्या शेजारी बस, आणि मला दाखवून दुरुस्त कर.

तुझीच,
आई